जंप सीटवरचा तिसरा

जंप सीटवर, म्हणजे कॉकपिटमधल्या दोन वैमानिकांमागच्या घडीच्या जादा सीटवर, बसून जायचं तर आधी परवानगी मागायची. कंपनीने मंजुरी दिलेली असो, ओळखपत्र आणि लायसन्स तपासून झालेलं असो, तरी कॉकपिटच्या दारात उभं राहून कॅप्टनला विचारायचंच. शेवटचा शब्द त्याचा. नकार मिळालेला मी फारसा पाहिलेला नाही, पण विचारताना प्रत्येकाचा आवाज बारीक होतो. खांद्यावर चार पट्टे असलेला, केस पिकलेला माणूसही त्या क्षणी उशिरा आल्यामुळे वर्गाबाहेर ताटकळलेल्या पोरासारखा दिसतो.

आम्हा वैमानिकांना ही सीट वारंवार लागते. घर एकीकडे, बेस दुसरीकडे, आणि विमान भरलेलं. मग ड्यूटीवर पोहोचायला किंवा घर गाठायला उरते ती हीच जागा. बोइंग ७३७ मध्ये ती दाराला लागून आडवी उघडते. उघडली की वाट बंद. गुडघे दोन वैमानिकांमधल्या कंट्रोलच्या पेडेस्टलला टेकलेले, पाठ ताठ, खांद्यांवरून पट्टे. कॅप्टनला टॉयलेटला जायचं झालं की तुम्ही पट्टे सोडायचे, उठायचं, सीट दुमडायची आणि भिंतीला चिकटून त्याला वाट द्यायची. जागा ही अशी. पण तिथून दिसतं मात्र सगळं: दोघांचे हात, दोघांचे स्क्रीन, इंजिनांचा जोर कमी-जास्त करणारे थ्रस्ट लिव्हर. आणि त्या दोघांना तुम्ही दिसत नाही. आम्हा तिघांना जे काही अवघडल्यासारखं होतं, त्याचं मूळ मला यातच वाटतं.

एकदा आमच्या जंप सीटवर एक नावाजलेले परीक्षक आले. सिम्युलेटरमध्ये भल्याभल्यांना घाम फोडणारे. माझ्या फर्स्ट ऑफिसरला त्यांनी वर्षभरापूर्वी नापास केलं होतं, हे मला तिथेच कळलं. कारण त्यांना दारात पाहताच त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. ‘अरे, मी फक्त घरी चाललोय, माझ्याकडे लक्ष देऊ नका,’ असं म्हणून ते बसले आणि त्यांनी खिशातून पेन काढलं. संपलं. त्या क्षणापासून आमचं विमान जणू मॅन्युअलच्या पानांतून उडू लागलं. ठरल्या वेळी मोठ्याने म्हणायचा एकही कॉलआउट चुकेना, एकही शब्द इकडचा तिकडे होईना. माझी स्वतःची पाठसुद्धा नकळत ताठ झाली होती, हे लपवत नाही. दहा हजार फुटांच्या वर गेल्यावर मी मान वळवून पाहिलं, तर साहेब मन लावून सुडोकू सोडवत होते.

याच्या उलटं अवघडणंही असतं. एका कॅप्टनने मला ‘या सर, बसा’ म्हटलं. हा पूर्वी माझ्या कंपनीत होता, मला ज्युनियर. दुसरीकडे गेला आणि त्याला लवकर कमांड मिळाली, तो कॅप्टन झाला. मी तेव्हा अजून उजव्याच सीटवर, फर्स्ट ऑफिसर. त्याला मला ‘सर’ म्हणायचं नव्हतं, पण जुनी सवय सुटत नव्हती. मला त्याला ‘कॅप्टन’ म्हणायचं होतं, पण तोंडात ‘अरे’ येत होतं. शेवटी आम्ही दोघांनी संबोधन लागणारच नाही अशी वाक्यं शोधून काढली. ‘हवा बरी आहे आज.’ ‘हो, पुढे थोडे ढग आहेत.’ त्याचा फर्स्ट ऑफिसर बिचारा एकदा याच्याकडे पाही, एकदा काचेतल्या माझ्या प्रतिबिंबाकडे.

पगार, रोस्टर, सीनियॉरिटी, युनियन हे विषय निघाले की मी झोपेचं सोंग घेतो. दोन कंपन्यांचे लोक एका खोलीत, आणि ती खोली सोडून कुणालाच जाता येत नाही! शिवाय कॉकपिट व्हॉइस रेकॉर्डरचे चार चॅनेल असतात: कॅप्टन, फर्स्ट ऑफिसर, खोलीतला माइक, आणि चौथा तिसऱ्या माणसाचा. जंप सीटवरून व्यवस्थापनाला शिव्या घालणाऱ्यांना ही आठवण मी आवर्जून करून देतो. लगेच हवामानावर गप्पा सुरू होतात.

लँडिंगचं तर विचारूच नका. विमान आपटलं, मागच्या केबिनमधून ‘आई गं’ ऐकू आलं, आणि तुम्ही तीन फुटांवर बसलेले, स्वतः वैमानिक. काय बोलणार? छान म्हणावं तर टोमणा वाटतो. गप्प राहावं तर तोही शेराच. आमच्यात यावर एकच चालणारं वाक्य आहे: ‘टचडाउन झोनमध्ये होतं हं.’ म्हणजे चाकं निदान धावपट्टीवर टेकायच्या जागी टेकली. ते ऐकलं की समोरचा समजतो की याच्याकडे चांगलं बोलायला दुसरं काही उरलेलं नाही.

इथपर्यंत सगळं हसण्यावारी नेता येतं. खरी पंचाईत वेगळीच. डोळ्यांना चूक दिसली तर बोलायचं कधी आणि कसं?

एका रात्री मी दुसऱ्या कंपनीच्या जंप सीटवर होतो. उतरणं चालू होतं, रेडिओवर गर्दी. कंट्रोलरने सात हजार फुटांपर्यंत उतरायला सांगितलं, फर्स्ट ऑफिसरने ‘सात हजार’ बरोबर वाचून दाखवलं. कॅप्टनने ऑटोपायलटचा उंचीचा नॉब फिरवला, दोघांनी रीतीप्रमाणे त्याचा आकडा दाखवणाऱ्या छोट्या खिडकीकडे बोट केलं, दोघेही ‘सात’ म्हणाले. खिडकीत सहा हजार होते. बोट गेलं होतं, नजर गेली नव्हती.

दहा हजारांच्या खाली कामाव्यतिरिक्त बोलायचं नाही, हा नियम माझ्या हाडात भिनलेला. त्यात विमान माझं नाही, कंपनी माझी नाही, मी पाहुणा. मनात एवढं सगळं येऊन जायला दोन सेकंद पुरतात, आणि त्या दोन सेकंदांत विमान उतरतच असतं. ‘कॅप्टन, सात की सहा?’ मी विचारलं. मुद्दामच प्रश्न केला. समोरच्याला तपासायला जागा राहते. त्याने मान न वळवता हात वर केला, म्हणजे थांब. मग खिडकीकडे पाहिलं, नॉब एक घर वर फिरवला. विमान अजून नऊ हजारांवर होतं, काही बिघडलं नाही. उतरून दार उघडेपर्यंत माझ्याशी कुणी बोललं नाही. निघताना फर्स्ट ऑफिसरने हात जरा जास्त घट्ट दाबला, कॅप्टन टेक लॉगमध्ये, विमानाच्या नोंदवहीत, काहीतरी लिहीत राहिला.

हे लिहिताना मला अमेरिकेतल्या सॅन डिएगोचा अपघात आठवतो. २५ सप्टेंबर १९७८, पीएसए कंपनीची फ्लाइट १८२, बोइंग ७२७. जंप सीटवर त्याच कंपनीचा ड्यूटीवर नसलेला कॅप्टन. उतरताना कॉकपिटमध्ये गप्पा चाललेल्या. कंट्रोलरने समोरच्या छोट्या सेसना विमानाबद्दल सांगितलं होतं, ती दिसलीही होती, मग नजरेआड झाली. फर्स्ट ऑफिसरने विचारलं, त्या सेसनापासून आपण मोकळे झालो का? फ्लाइट इंजिनिअर म्हणाला, झालो असायला हवं. कॅप्टन म्हणाला, वाटतंय तसं. आणि जंप सीटवरून उत्तर आलं, आशा करू या. काही वेळातच दोन्ही विमानांची टक्कर झाली. जमिनीवरची माणसं धरून १४४ जीव गेले. त्या कॉकपिटमध्ये वैमानिकाच्या डोळ्यांची एक जोडी जास्त होती, आणि तिनेही बाकीच्यांसारखाच अंदाज पुढे ढकलला. दहा हजारांखालच्या शांततेचा नियम अमेरिकेत १९८१ मध्ये आला. त्यामागे १९७४ चा शार्लटचा अपघातही होता. तिथेही उतरताना भलत्याच गप्पा रंगल्या होत्या.

उलट उदाहरणही आहे. १९८९ मध्ये अमेरिकेतल्या युनायटेड कंपनीच्या फ्लाइट २३२ ची सगळी हायड्रॉलिक्स, म्हणजे विमान वळवायची यंत्रणाच, हवेत असताना गेली, तेव्हा डेनिस फिच नावाचे प्रशिक्षक वैमानिक केबिनमध्ये प्रवासी म्हणून बसले होते. ते पुढे निरोप पाठवून कॉकपिटमध्ये गेले, दोन सीटच्या मध्ये गुडघे टेकले आणि इंजिनांचे थ्रॉटल हातात घेतले. विमान सू सिटीला आदळलं, तरी २९६ पैकी १८४ माणसं वाचली. ‘मी काही करू का?’ हे विचारायला त्यांना संकोच वाटला असता तर, हा विचार मी जंप सीटवर बसताना मुद्दाम करतो.

मात्र तिसऱ्या माणसाबद्दलचा संशयही खोटा नाही. १९९४ मध्ये फेडेक्स या मालवाहू कंपनीच्या फ्लाइट ७०५ च्या जंप सीटवर आलेल्या त्याच कंपनीच्या कर्मचाऱ्याने हातोड्यांनी हल्ला केला. जबर जखमी झालेल्या तिघांनी त्याला आवरलं आणि विमान मेम्फिसला परत उतरवलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये अमेरिकेतल्या एका एम्ब्रेअर १७५ विमानामध्ये, हवामानाच्या आणि विमानांच्या साध्या गप्पा मारणाऱ्या जंप सीटवरच्या वैमानिकाने अचानक हात वर करून इंजिनांच्या आगीचे दोन्ही हँडल धरले. ते पूर्ण ओढले गेले असते तर दोन्ही इंजिनं बंद पडली असती. क्रूने त्याचे हात सोडवले आणि विमान पोर्टलंडला उतरवलं. तेव्हापासून परवानगी द्यायच्या आधी मी दोन मिनिटं जास्त बोलतो. झोप झाली का, घरी सगळं ठीक ना. बऱ्याच जणांना हे चौकशीसारखं वाटतं. वाटू दे.

बसल्यावर ऑक्सिजन मास्क दाखवतो, पट्टे दाखवतो आणि सांगतो: दहा हजारांखाली गप्पा नाहीत, पण काही खटकलं तर लगेच बोल, आम्हाला राग येत नाही. हे शेवटचं वाक्य माझ्या फर्स्ट ऑफिसरसाठीही असतं.

गेल्या महिन्यात एक तरुण पोरगा बसला होता. उतरताना मध्येच म्हणाला, ‘कॅप्टन, स्पीडब्रेक?’ आम्ही उंच होतो, लवकर खाली यायला पंखांवरचे ते फलक मुद्दाम उघडे ठेवले होते. मी म्हटलं, ‘हो, माहीत आहे, थँक्स.’ फर्स्ट ऑफिसरने ओठ मुडपले. उतरल्यावर पोरगा दारात घुटमळला. ‘सॉरी सर, उगाच बोललो.’ मी म्हटलं, ‘परत कधी जायचंय? उद्या सकाळची याच मार्गाची फ्लाइट माझीच आहे, सीट हवी असेल तर ये.’