मामांची रातपाळी

आमच्यात सासऱ्यांना मामा म्हणतात आणि सासूला आत्या. तर हे मामांबद्दल. वय 77. कोल्हापूरच्या शाहू मिलमध्ये स्पिनिंगला, म्हंजे सूत कातायच्या खात्यात, तीसेक वर्षं काढली, त्यातली निम्मी रातपाळीत. मिल बंद पडून वीस वर्षं होऊन गेली पण आमच्या घरात ती रोज संध्याकाळी चालू होते. दिवे लागले की मामा उठतात, खुंटीवरची पिशवी काढतात आणि दारात चपला शोधायला लागतात. "डबा झाला काय गं? भोंगा व्हईल आता."

डॉक्टर याला सनडाऊनिंग म्हणतात. डिमेन्शियाच्या, म्हंजे विसरायच्या आजाराच्या, बऱ्याच पेशंटना अंधार पडायला लागला की अशी तगमग सुरू होते, दिवसभर शांत असलेला माणूस सहा-साडेसहाला वेगळाच होतो. नावं कळली म्हणून संध्याकाळ सोपी होत नाही, पण निदान हा हट्ट नाही एवढं तरी समजतं, आणि आम्हाला तेवढंच समजायला दोन वर्षं गेली.

सुरुवात कधी झाली ते काय नक्की सांगता येत नाही. मला आठवतो तो 6 मे 2022. शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीला सकाळी 10 वाजता अख्खं कोल्हापूर 100 सेकंद जागच्या जागी थांबलेलं, तुम्ही पण उभे राहिला असाल. आम्ही गल्लीच्या तोंडाला उभे होतो, मामा हात जोडून, डोळ्यांत पाणी, कारण मिल महाराजांनीच काढलेली, 1906 ला, त्या मिलवर आमचं घर चाललं. 100 सेकंद झाले, गाड्या सुरू झाल्या आणि मामा मला विचारतात, "कोण गेलं गं?" सांगितलं. घरात पाय टाकेपर्यंत तीनदा विचारलं. मी ह्यांना बोलले तर हे म्हणाले वय झालंय, उन्हात उभे होते, सोड.

मग पेन्शनचे पैसे. मामा स्वतःच कुठंतरी ठेवायचे, कधी तांदळाच्या डब्यात कधी उशीच्या अभ्र्यात, आणि सापडले नाहीत की माझ्याकडं बघायचे. एक दिवस पाहुण्यांसमोर म्हणाले, "हिनंच घेतलं." वीस वर्षं मी या माणसाला पहिला चहा दिलाय. त्या दिवशी मी मोरीत नळ सोडून रडले. आजारात असा संशय येतो, आणि जो सगळ्यात जास्त जवळ असतो त्याच्यावरच येतो, हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं म्हणून इथं लिहितेय.

पहिल्या डॉक्टरांनी "वयानं होतंच" म्हणून टॉनिक दिलं, त्यात सहा महिने गेले. दुसऱ्यांनी नीट बघितलं. बी12, थायरॉईड, एमआरआय, कारण कधी कधी बी12 कमी असलं किंवा थायरॉईड बिघडलं तरी माणूस विसरायला लागतो आणि ते औषधानं सुधारू शकतं, ते आधी तपासून घ्यायचं असतं. मग कागदावर घड्याळ काढायला सांगितलं. मामांनी गोल काढला छान, पण आकडे सगळे एका बाजूला गोळा केले आणि काटे काढलेच नाहीत, पेन खाली ठेवलं. ज्या माणसाचं सगळं आयुष्य भोंग्यावर गेलं त्याला घड्याळ काढता येईना. ह्यांनी तोंड फिरवलं. अल्झायमर, डिमेन्शियाचाच एक प्रकार. गोळी सुरू झाली, डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की यानं आजार जात नाही, थोडा आधार मिळतो एवढंच. घरी येऊन मी मोबाईलवर वाचत बसले, तर जर्मनीतल्या त्या अल्झायमर डॉक्टरांनी हा आजार पहिल्यांदा मांडला ते साल पण 1906 च. मिलचं साल आणि आजाराचं साल एकच. याचा काही अर्थ नाही हे कळतंय मला, तरी त्या रात्री झोप लागली नाही.

आता खरी चूक सांगते. आम्ही हे लपवलं. शिवाजी पेठेतली गल्ली म्हंजे एका घरात फोडणी दिली की चार घरांत ठसका लागतो, तिथं आम्ही सगळ्यांना "मामांना बीपी आहे" सांगत सुटलो. आत्या म्हणायच्या, लोक वेडा म्हणतील त्यास्नी, पोरीची लग्नं व्हायची हाईत अजून. दार आतनं कडी लावून ठेवायचो. मामा कट्ट्यावर बसेनासे झाले, तालमीत जाईनासे झाले, आणि रोज संध्याकाळी आत्या आणि मामांचं भांडण. "मिल बंद पडलीया, किती बारी सांगू!" "तुझ्या बापाची मिल हाय व्हय बंद पडायला!" एकदा मी त्यांचा हात दारावरनं झटकून काढला. जोरात. ते माझ्याकडं बघतच राहिले, लहान पोरागत.

मग गेल्या पावसाळ्यातली ती रात्र. पंचगंगा इशारा पातळीला, 39 फुटाला पोचलेली, सगळ्यांचे फोन नुसते राजाराम बंधाऱ्याच्या पाण्यावर वाजत होते, निम्मी गल्ली पाणी बघायला गेलेली. आमची पोरं पण गेली आणि जाताना कडी घालायची राहिली. आठ वाजता मी बघते तर खुंटीवर पिशवी नाही.

तीन तास. हे शिरोलीतनं ड्युटी सोडून आले, मी आणि आत्या रंकाळ्यापर्यंत फिरलो, आत्यांचे गुडघे गेलेत तरी. पाण्याकडंच जीव जात होता सगळा. आणि मामा होते कोटीतीर्थापाशी, मिलच्या भिंतीला. भर पावसात पेठेतनं तिथवर चालत गेले, एक वळण चुकले नाहीत. तिथल्या टपरीवाल्यानं त्यांना ताडपत्रीखाली बसवून चहा पाजला, नाव विचारलं, पोराचं नाव विचारलं, घर विचारलं, मामांना काही सांगता आलं नाही. तालीम कुठली विचारल्यावर मात्र चटकन सांगितली. टपरीवाल्यानं कुणाकुणाला फोन करून आमच्या तालमीतला एक नंबर मिळवला. रात्री 11 ला चार पोरं मोटरसायकलवर गेली आणि मामांना मध्ये बसवून घेऊन आली. म्हंजे ज्यांच्यापासून आम्ही दोन वर्षं लपवलं त्यांनीच आणून दिलं.

दुसऱ्या दिवशी हे तालमीत गेले आणि सगळं सांगितलं. कुणी हसलं नाही. एक म्हातारे पैलवान म्हणाले, "लेका, आधी का न्हाई सांगितलंस?"

आता दूधवाला, किराणावाला, कोपऱ्यावरचे रिक्षावाले, सगळ्यांना माहितीय. गुजरीत चांदीचं कडं करून घेतलं, त्यावर ह्यांचा नंबर कोरलाय, खिशातली चिठ्ठी मामा काढून टाकतात पण कडं काढत नाहीत. मध्ये एकदा दोन दिवसांत एकदम बिघडले, कुणालाच ओळखेनात, रात्रभर ओरडत होते, आम्हाला वाटलं आजार वाढला, तर लघवीचं इन्फेक्शन निघालं आणि ॲन्टिबायोटिकनं आठवड्यात पहिल्यासारखे झाले. असं अचानक झालं तर वाट बघू नका, डॉक्टरांना लघवी तपासायला सांगा. आणि ज्यांना बोलायला कुणीच नाही त्यांनी 14567 लावा, ज्येष्ठांसाठीची सरकारी हेल्पलाइन आहे, फुकट.

वन्सं इचलकरंजीहून येतात, दोन तास बसतात, बाबा किती वाळलेत म्हणतात आणि जातात. त्यावर मी आता काही बोलत नाही.

संध्याकाळी मी खरंच डबा भरते. भाकरी, झुणका, कांदा. मामा पिशवी घेऊन बाहेर पडतात, कट्ट्यावर तालमीतलं कुणी ना कुणी असतंच. "मामा, आज बदली आलाय तुमच्या मशीनवर. तुमास्नी सुट्टी." बदली कामगार म्हटलं की मामांना पटतं, मिल बंद आहे म्हटलं की पटत नाही. मग पोरं त्यांना रातपाळीच्या गोष्टी विचारतात, रुईचा कसा धुरळा उडायचा, पहाटे सुटल्यावर दूध प्यायला कुठं जायचे, आणि त्यातलं मामा एक अक्षर विसरलेले नाहीत. तो एक तास मी काही करत नाही, नुसती पाय पसरून बसते.

परवा डबा उघडून त्यांनी अर्धी भाकरी माझ्यापुढं धरली. मी कोण हे त्यांना त्या वेळी माहिती नव्हतं, नजरेवरनं कळतं ते.

"तू कुठल्या पाळीला हाईस गं?"

"दिवसपाळी, मामा."

"मग अजून हितं काय करतीस? जा घरला, पोरं वाट बघत असतील."

"जातो की. तुमचं जेवण होऊ दे."

भाकरी खाल्ली आम्ही दोघांनी, आणि मी डबा घासायला आत आले.