वारीतलं वेड आणि वेडाचा आजार

आळंदी ते पुणे रस्त्यावर दुतर्फा उभं राहून बघणाऱ्यांपैकी कोणीतरी दरवर्षी विचारतंच: ऐन पेरणीच्या दिवसांत घर सोडून पंढरपूरपर्यंत जवळपास अडीचशे किलोमीटर चालायचं, तेही मूर्तीच्या पायांवर डोकं ठेवायला, आणि गर्दीत तेही नाही जमलं तर कळसालाच हात जोडून परतायचं, हे वेड नाही तर काय?

आम्ही काही मनोविकारतज्ज्ञ आणि परिचारिका पालखीबरोबर चालतो. हा प्रश्न आम्हाला उद्धट वाटत नाही. वारकरी स्वतःच पंढरीचं वेड लागलं म्हणतात. मराठीत वेड हा शब्द शिवीलाही चालतो आणि भक्तीलाही. 13व्या शतकात रिद्धपूरच्या लोकांनी चक्रधरस्वामींचे गुरू गोविंदप्रभू यांना ‘राऊळ वेडे’ म्हटलं आणि त्यांच्यातल्याच कित्येकांनी त्यांना देव मानलं. पण उपचार करणाऱ्याला एवढ्यावर थांबता येत नाही. लाखोंच्या या वाटचालीत काही माणसं खरोखर आजारी असतात. सगळ्यांना वेडं म्हटलं तर ती दिसेनाशी होतात, आणि सगळ्यांना भक्त म्हटलं तरीही दिसेनाशी होतात.

जर्मन मनोविकारतज्ज्ञ कार्ल यास्पर्सने 1913 मध्ये भ्रमाच्या, म्हणजे आजारातून आलेल्या समजुतीच्या, तीन खुणा सांगितल्या: विलक्षण खात्री, कोणत्याही पुराव्याने ती न हलणं आणि मुळात अशक्य असलेला आशय. या खुणा नुसत्या शब्दांवर लावल्या तर जगातला कुठलाही धर्म त्यात सापडतो. म्हणून अमेरिकेच्या मनोविकार संघटनेने 1994च्या नियमावलीत भ्रमाच्या व्याख्येतच लिहिलं की ही समजूत त्या माणसाच्या समाजात सर्रास मानली जाणारी नसावी, आणि उदाहरण धर्मश्रद्धेचंच दिलं. आपल्याकडचा मानसिक आरोग्यसेवा कायदा, 2017 कलम 3 मध्ये याचीच दुसरी बाजू बजावतो: भोवतालच्या समाजाच्या धार्मिक समजुतींशी एखाद्याचं जुळत नाही, एवढ्यावरून त्याला मनोरुग्ण ठरवता येणार नाही. नास्तिकालाही हेच संरक्षण आहे, हे महत्त्वाचं.

तरी ‘बरेच जण मानतात म्हणून भ्रम नाही’ हा आधार आम्हाला पुरेसा वाटत नाही. डोकी मोजून निदान होत नसतं. फरक कुठे आहे, तो दिंडीबरोबर चालताना जास्त स्वच्छ दिसतो. विठ्ठल अठ्ठावीस युगं विटेवर उभा आहे यावर विणेकऱ्याची पूर्ण श्रद्धा असते. त्याच विणेकऱ्याला पाण्याचा टँकर कुठे थांबलाय, राहुट्यांचा ट्रक पुढे गेला का, कोणाच्या टाचेला फोड आलाय, हेही चोख माहीत असतं. दोन हिशेब एकमेकांत मिसळत नाहीत. युगांचा हिशेब तो टँकरवाल्याला लावत नाही. भ्रम मात्र सगळीकडे झिरपतो: टँकरचं पाणी मुद्दाम कडू केलंय, पताका माझ्याकडेच झुकते, पुढच्या दिंडीतले लोक माझ्याच मनातलं बोलतायत.

दुसरी खूण संध्याकाळी तळावर दिसते. समाजआरतीच्या आधी सगळ्या दिंड्यांचे टाळ एकाच वेळी घुमत असतात. चोपदार दंड उंचावतो आणि क्षणात शांतता होते. ज्या दिंडीची तक्रार असेल तिचेच टाळ वाजत राहतात. मग चोपदार तिथे जाऊन ऐकून घेतो. पुढे हरवलं-सापडलं आणि दुसऱ्या दिवसाच्या वेळा सांगितल्या जातात. दिवसभर देहभान विसरून नाचलेला माणूस या एका खुणेवर थांबतो. ज्याला थांबता येत नाही, शेजाऱ्याने हात धरूनही जो थांबत नाही, त्याच्याकडे आम्ही आधी बघतो. शास्त्रातली ही चाचणी नव्हे. पण उन्मादाची (मेनियाची) पहिली शंका बऱ्याचदा अशी येते, आणि ती डॉक्टरांच्या आधी दिंडीप्रमुखाला येते.

सगळ्यात जास्त घोळ दिवे घाटाच्या दिवशी होतो. पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला निघते, पुण्यात दोन मुक्काम होतात, त्यामुळे पुणे ते सासवड ही सर्वांत लांब, तीसेक किलोमीटरची मजल बहुधा एकादशीलाच पडते. उपास, घाटाचा चढ आणि दमट उकाडा एकाच दिवशी. त्या दिवशी कोणी असंबद्ध बोलू लागलं तर आजूबाजूचे म्हणतात, माउलींचं वारं आलंय, नाहीतर म्हणतात, डोकं फिरलंय. बहुतेक वेळा दोन्ही चूक असतं.

आधी शरीर तपासायचं. मधुमेहाची गोळी घेऊन उपास केला असेल तर साखर उतरते: घाम, थरथर, चिडचिड, भलतंच बोलणं. 70च्या खाली आकडा आला आणि माणूस गिळू शकत असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून द्यायची, 15 मिनिटांनी पुन्हा मोजायचं. ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइडसारख्या गोळ्यांवर असलेल्याची साखर वर येऊन पुन्हा घसरते, म्हणून त्याला बरं वाटलं तरी लगेच वाटेला लावायचं नाही. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालायचं नाही. रक्तदाबासाठी लघवीची गोळी घेणारे वयस्कर लोक दिवसभर घाम गाळून नुसतं पाणी पितात. त्यांचं सोडियम उतरतं आणि ते मुक्कामाचं गाव विसरतात. अंग 40 अंशांच्या वर तापलेलं आणि बोलणं तुटक, म्हणजे उष्माघात: सावली, ओलं अंग, वारा आणि रुग्णवाहिका, हे सगळं एकदमच.

अजून एक कारण आहे आणि ते कोणी उघड सांगत नाही. रोज पिणारा माणूस निघताना माळ घालतो आणि दारू एका दिवसात बंद करतो. हेतू चांगला असतो, शरीर मात्र तयार नसतं. शेवटच्या पेल्यानंतर 6 ते 48 तासांत झटके येऊ शकतात आणि 2 ते 4 दिवसांत वात (डिलिरियम, शुद्ध हरवून भरकटणं) होतो: हात कापतात, अंग तापतं, कपड्यावर किडे दिसतात, दिवस-रात्र कळत नाही. आळंदीपासून मोजलं तर हे दिवस नेमके पुणे-सासवडचे. उपचार झाले नाहीत तर यात माणूस दगावतो. त्याला राहुटीत बांधून ठेवणं हा उपाय नाही, रुग्णालय हाच उपाय. तिथल्यांना दारूचं आवर्जून सांगायचं, कारण साखरेच्या सलाइनआधी थायमिनचं इंजेक्शन द्यावं लागतं. पुढच्या वर्षी वारीत माळ घालायची असेल तर महिनाभर आधी डॉक्टरांच्या देखरेखीखाली दारू सोडावी.

शरीराचा वात आणि मनाचा आजार वेगळा काढायला एक साधी युक्ती आहे. आठवड्याचे वार उलटे म्हणायला सांगायचे. वातातला माणूस दोन वारांनंतर भरकटतो, तासाभराने जमतं, पुन्हा जमत नाही. त्याला दिसतं जास्त. मानसिक आजारात वार बहुधा बरोबर येतात, दिसण्यापेक्षा ऐकू येणं जास्त असतं.

सासवडला दोन मुक्काम असतात, तेव्हा निवांत बोलता येतं. श्रद्धाळू माणसाशी बोलताना ‘विठ्ठल तुमच्याशी बोलतो का?’ हा प्रश्न निरुपयोगी आहे. हो म्हणणारे शेकडो भेटतात आणि ठणठणीत असतात. आम्ही विचारतो: कसा बोलतो? बाहेरून, कानाला, गर्दीच्या गलबल्यात जसा माणसाचा आवाज येतो तसा? की मनात उमटतं? एकच आवाज की दोघं आपसांत तुमच्याबद्दल बोलतात? काही करायला सांगतो का? नाही केलं तर काय होईल? जोडीदार गेलेल्या माणसाला त्याची चाहूल लागणं फार सामान्य आहे. वेल्समध्ये विधवा-विधुरांच्या 1971च्या एका अभ्यासात जवळजवळ निम्म्यांनी तसं सांगितलं होतं. नवऱ्याच्या जागी वारी चालणारी बाई ‘ते बरोबर चालतायत’ म्हणते तेव्हा औषध शोधू नये. पण ‘नदीत चालत जा, मी धरतो’ असा आवाज असेल तर नीरा स्नानाच्या आधीच सोबत ठेवायची आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

मग घरच्यांना विचारायचं. श्रद्धा आधीपासूनची आहे का दोन-तीन आठवड्यांत अचानक उसळली? झोप किती? दिंडीतल्या इतर माळकऱ्यांना त्याचं बोलणं पटतंय का? हा शेवटचा प्रश्न आम्हाला सर्वांत मोलाचा वाटतो. जन्मभर कीर्तन ऐकलेल्या म्हाताऱ्या वारकऱ्याला भक्ती आणि भ्रम यांतला फरक चटकन कळतो. ‘आमच्यातलं नाही हे बोलणं, माउली’ असं तो म्हणाला तर ते निदानाच्या तोडीचं आहे. ‘माउलींनी मला सांगितलं’ इथपर्यंत तो ऐकून घेतो. ‘मीच माउली, पालखी माझ्याशिवाय हलणार नाही’ इथे तो आमच्याकडे बघतो.

जेजुरीच्या मुक्कामात अंगात येणं दिसतं. जागतिक आरोग्य संघटनेची 2022पासून लागू झालेली वर्गवारी इथे स्पष्ट आहे: धार्मिक रिवाजाचा भाग म्हणून, प्रसंगापुरतं आलं आणि उतरलं, तर तो आजार नाही. नको असताना, वेळी-अवेळी, वारंवार येत असेल आणि त्यापायी माणूस खचत असेल, तर आजार. पण त्या नावाखाली मारहाण, साखळी, मिरचीची धुरी चालू असेल तर तो गुन्हा आहे. राज्याचा 2013चा जादूटोणाविरोधी कायदा त्यासाठीच आहे. हाच कायदा यात्रा, हरिपाठ, कीर्तन यांना हात लावत नाही, हे वारकऱ्यांना आम्ही मुद्दाम सांगतो. तामिळनाडूत एरवाडी या दर्ग्याच्या गावी 6 ऑगस्ट 2001 रोजी साखळीने बांधलेले 28 मनोरुग्ण आगीत गेले. त्यांना तिथे घरच्यांच्या श्रद्धेने आणलं होतं. त्यांचा जीव घेतला तो साखळीने आणि न मिळालेल्या उपचारांनी.

मंत्रचळाचा आजार (ओसीडी) वारीत सर्वांत जास्त लपतो. 108 मण्यांत एक चुकला म्हणून माळ पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा चुकली, पुन्हा पहिल्यापासून. देवासमोर उभं राहताच मनात घाणेरडे शब्द. मग त्याचं प्रायश्चित्त. लोक म्हणतात, काय निष्ठा आहे! त्या माणसाला विचारा, तो रडतो. जपाने इतरांना शांत वाटतं, याला सुटका हवी असते. यावर उपचार आहेत: चूक झाली तरी माळ पुढेच न्यायची असा चढता सराव, आणि फ्लुओक्सेटिनसारखं औषध, ज्याचा गुण दिसायला 10-12 आठवडे लागतात. जप सोडायला आम्ही सांगत नाही.

मानसिक आजाराची औषधं चालू असलेल्याने वारी करावी का? आजार स्थिर असेल तर जरूर करावी. फक्त पहाटेचा काकडा आणि रात्रीचा जागर यांपैकी एकच धरावा, कारण द्विध्रुवी (बायपोलर) आजारात सलग दोन-तीन रात्रींचं जागरण उन्मादाला पुरतं. सहा तास झोप ही त्याची पथ्यं, बाकीच्यांनी त्यावरून बोलू नये. गोळ्या 25 दिवसांच्या, दोन पिशव्यांत विभागून, एक सोबत्याकडे. द्विध्रुवी आजारावर लिथियम घेणाऱ्याने निघण्याआधी रक्तातली पातळी तपासावी आणि पायदुखीवर रस्त्यात सर्रास मिळणारी डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन घेऊ नये, पॅरासिटामॉल चालतं. जुलाब लागले, हात जाडसर थरथरू लागले, पाय लटपटू लागले तर पुढची गोळी घेण्याआधी रुग्णालय. क्लोझापीन हे भ्रम आणि भास यांवरचं औषध 48 तास चुकलं तर आधीचा डोस आपणहून पुन्हा सुरू करायचा नाही; ते 12.5 मिलिग्रॅमपासून चढवावं लागतं. इतर औषधांनी येणारी थरथर थांबवायला दिल्या जाणाऱ्या ट्रायहेक्सीफेनिडिलने घाम कमी होतो, म्हणून ते घेणाऱ्यांसाठी ऊन दुप्पट धोक्याचं.

वाखरीनंतर लक्ष वेगळ्या गोष्टीकडे द्यावं लागतं. एकादशी होते, पौर्णिमेला गोपाळपूरचा काला होतो, ट्रक भरतात, आणि वाळवंटात काहीजण मागे राहतात. दिंडीत तीन आठवडे त्यांना कोणी जेवायला बोलवत होतं, हात धरून चालवत होतं, आता नाही. पोलिसांना सांगायला संकोच करू नये. मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम 100 प्रमाणे अशा माणसाला संरक्षण देणं हे त्यांचं काम आहे, कोठडीत न ठेवता 24 तासांच्या आत जवळच्या सरकारी रुग्णालयात न्यावं लागतं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या 14416 या क्रमांकावर मराठीत बोलता येतं. ट्रक सुटण्याआधी दिंडीप्रमुखाने आळंदीत लिहिलेली यादी काढून डोकी मोजावीत, आणि ज्याच्या नावापुढे कोणी नाही त्याला घरच्या गावापर्यंत पोचवायला एक माणूस नेमावा.