क्रोक पॅट्रिकची चढण

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, मेयो काउंटीतील वेस्टपोर्टपासून सुमारे आठ किलोमीटरवर क्रोक पॅट्रिक हा ७६४ मीटर उंचीचा डोंगर आहे. तेथील लोक त्याला नुसते ‘रीक’ म्हणतात आणि जुलैचा शेवटचा रविवार हा त्याच्या यात्रेचा दिवस, म्हणून त्या दिवसाला ‘रीक संडे’. आयर्लंडमध्ये ख्रिस्ती धर्म पसरवणारे संत पॅट्रिक यांनी इसवी सन ४४१ मध्ये या माथ्यावर चाळीस दिवस उपवास केला, अशी परंपरा सांगते. सुगीच्या आरंभी येणाऱ्या लूनसा या ख्रिस्तपूर्व सणाशीही अभ्यासक या यात्रेचा संबंध जोडतात. आषाढीला घरातले कोणी ना कोणी पंढरीच्या वाटेवर असायचेच, अशा कुटुंबात मी वाढले. त्यामुळे आयर्लंडमधल्या गॉलवे शहरात राहायला आल्यावर या यात्रेविषयी ऐकले, तेव्हाच ती चालायची असे मनाशी ठरवले होते.

मी जाणार हे कळल्यावर शेजारच्या वृद्ध बाईंनी मला हाक मारून घरात बोलावले. त्या तरुणपणी अनेकदा रीक चढल्या होत्या. आता गुडघे साथ देत नाहीत. चहा समोर ठेवून त्यांनी सांगितले, “वर पोहोचलीस की माझ्या नवऱ्यासाठी एक प्रार्थना म्हण.” मी त्यांच्या धर्माची नाही, याने त्यांना काहीच फरक पडत नव्हता. कार्यालयातल्या दोघांनीही अशीच नावे दिली. वारीला निघालेल्या माणसाला गावातले लोक “पांडुरंगाला आमचा नमस्कार सांगा” असे म्हणतात, तेच मी येथे ऐकत होते. आयरिश समाजात दुसऱ्यासाठी प्रार्थना करणे हा रोजच्या व्यवहाराचा भाग आहे. कोणाच्या घरी मृत्यू झाला की शेजारी मृतासाठी मिस्सा, म्हणजे कॅथलिक चर्चमधली सामूहिक उपासना, होणार असल्याचे कार्ड नेऊन देतात, महिनाभराने त्या व्यक्तीसाठी पुन्हा मिस्सा होते आणि नातवंडांच्या परीक्षेच्या दिवशी आजी चर्चमध्ये मेणबत्ती लावून येते. रविवारच्या मिस्सेला जाणाऱ्यांची संख्या गेल्या काही दशकांत फार घटली, पण हा व्यवहार तुटलेला मला तरी दिसला नाही.

वाट मरिस्क या गावातून सुरू होते. पायथ्याशी ॲश झाडाच्या काठ्या मिळतात. त्यातली एक मी घेतली आणि उतरताना तिचे मोल कळले. सुरुवातीला १९२८ साली उभारलेला पॅट्रिक यांचा पांढरा पुतळा लागतो, मग ओढ्याच्या कडेने चढत चढत खिंड येते. मागे वळून पाहिले की क्ल्यू उपसागरातली बेटे दिसतात. वर्षाच्या दिवसांइतकी, म्हणजे ३६५ बेटे आहेत, असे लोक हौसेने सांगतात. वाटेवर हजारो माणसे होती. मेयोच्या हिरव्या-लाल जर्सी घातलेली मुले, जपमाळ हातात घेतलेले म्हातारे, खांद्यावर लेकरू बसवलेले बाप आणि दगडांवरून अनवाणी चालणारे काही जण, असा तो मेळा होता. येथे दिंडी नसते, टाळ-मृदंग नसतो, प्रत्येक जण आपल्या चालीने चालतो. मात्र उतरून येणारा जवळजवळ प्रत्येक माणूस चढणाऱ्याशी दोन शब्द बोलतो. हवामान, मेयोचा फुटबॉल संघ (या संघाला १९५१ नंतर अखिल आयर्लंड विजेतेपद मिळालेले नाही, आणि हे दुःख मेयोतला माणूस अनोळखी व्यक्तीलाही सांगतो), तुम्ही कुठून आलात, आणि मग “आता थोडेच राहिले.” थोडे राहिलेले नसते हे सांगणाऱ्यालाही ठाऊक असते, तरी त्या शब्दांनी पाय उचलला जातो.

शेवटचा शंकूसारखा सुळका चढण्याआधी यात्रेतल्या प्रार्थनेच्या तीन स्थानांपैकी पहिले येते. पॅट्रिक यांचे शिष्य बेनिग्नस यांच्या नावाचा तो दगडांचा ढीग आहे. त्याला सात प्रदक्षिणा घालत सात वेळा प्रभूची प्रार्थना, सात वेळा मरियेची प्रार्थना आणि एकदा विश्वासांगीकार, म्हणजे ख्रिस्ती श्रद्धेची कबुली, म्हणायचा असतो. प्रदक्षिणा उजवीकडून, सूर्याच्या गतीने घालतात, त्यामुळे माझ्या पायांना वेगळे काही शिकावे लागले नाही. शब्द मात्र माझे होते. प्रत्येक फेरीला मी ‘ज्ञानोबा माउली तुकाराम’ म्हणत होते आणि तो मेळ मला जराही खोटा वाटला नाही.

त्यानंतरच्या चढाने कस पाहिला. क्वार्ट्झाइटच्या सुट्या दगडांचा घसारा वर्षानुवर्षे लाखो पावलांनी आणखी सैल झाला होता. अलीकडच्या वर्षांत याच डोंगरातले दगड हातांनी बसवून वाट बांधून काढली आहे. तरीही दम लागतोच, आणि डोंगर बचाव पथकांचे स्वयंसेवक दिवसभर जागोजागी उभे असतात. १११३ साली माथ्यावर उपवास करणाऱ्या तीस यात्रेकरूंचा वीज पडून मृत्यू झाल्याची नोंद जुन्या बखरींत आहे. ढग खाली उतरले तेव्हा ती नोंद मला आठवली.

माथा हे दुसरे स्थान, आणि तेथे १९०५ साली बांधलेले छोटे पांढरे चर्च आहे. त्या दिवशी तेथे मिस्सा होतात आणि पापनिवेदनासाठी लोक थंड वाऱ्यात रांगेत उभे राहतात. चर्चला पंधरा प्रदक्षिणा आणि ‘पॅट्रिकची शेज’ म्हटल्या जाणाऱ्या जागेला सात, असा येथील नेम आहे. पंधरा फेऱ्यांत मी मला दिलेली सगळी नावे एकेक करून घेतली. माझ्या पुढे चालणारे गृहस्थ दर फेरीला हलक्या आवाजात एकच स्त्रीनाम उच्चारत होते. त्यांना ओलांडून पुढे जाणे मला योग्य वाटले नाही, म्हणून उरलेल्या फेऱ्या मी त्यांच्याच चालीने पूर्ण केल्या.

तिसरे स्थान पश्चिमेच्या उतारावर, लेकॅनव्ही गावाच्या बाजूला आहे. बहुतेक लोक तेथे न जाता थेट मरिस्कला उतरतात, आणि मीही त्यांच्याबरोबरच उतरले. गावात दुष्काळाचे राष्ट्रीय स्मारक आहे. १८४५ नंतरच्या उपासमारीत देश सोडून निघालेल्यांच्या जहाजाचे ते ब्राँझचे शिल्प असून त्याच्या डोलकाठ्यांभोवती सांगाडे गुंफलेले आहेत. अनेक यात्रेकरू रस्ता ओलांडून तेथेही थांबतात.

पुढच्या उन्हाळ्यात मला टोहर फॉद्रिग चालायचा आहे. बॅलिंटबर मठापासून या डोंगरापर्यंत येणारा हा सुमारे ३५ किलोमीटरचा जुना यात्रामार्ग आहे. १२१६ साली स्थापन झालेल्या त्या मठाचे छप्पर सतराव्या शतकात, इंग्लंडच्या क्रॉमवेलच्या सैन्याच्या काळात गेले, पण मिस्सा कधी खंडित झाली नाही. शेजारच्या बाईंना हा बेत सांगितला, तेव्हा त्यांनी आणखी दोन नावे लिहून दिली.