तुम्ही विचारलंत म्हणून: भिंतभर नकाशे, मग भूगोलात मार्क का नाहीत?

गेली काही वर्षं प्रत्येक सणाला हा प्रश्न मला कोणी ना कोणी विचारतंच. म्हणून एकदाचं लिहूनच टाकते.

लेकीच्या खोलीत चारही भिंतींना नकाशे आहेत हे तुम्हाला माहितीय, सगळ्यांनी फोटो बघितलेत. ती पहिलीत असताना मीच सगळ्यांना सांगत फिरायचे की समोर असलं की आपोआप डोक्यात जातं, वेगळा अभ्यास लागत नाही. तेव्हाच्या मला आज गाठून विचारावंसं वाटतं, बाई गं, स्वयंपाकघरात कालनिर्णय आयुष्यभर टांगलेलं असतं, तुला एकादशी कधी पाठ झाली का? पण लगेच दुसरं मन म्हणतं की पाठ होण्यासाठी लावले होते कुठे.

म्हणजे बघा, भारताचा प्राकृतिक नकाशा आहे तिच्याकडे, 1 सेंमीला 40 किमीवाला. त्यावर तिने एकदा शिवणाचा दोरा घेऊन गोदावरी मोजायला काढली. त्र्यंबकेश्वरपासून सुरू, प्रत्येक वळणाला बोटाने दोरा दाबून धरायचा, नांदेडपर्यंत येईतो नाशिककडचा निसटलेला, परत पहिल्यापासून. शेवटी दोरा पट्टीवर ठेवला तर पुस्तकातल्या 1465 किमीपेक्षा बराच कमी भरला. ती रडकुंडीला, मला वाटलं दोराच ताणला गेला असेल, मग तिनेच भिंगातून बघून सांगितलं की आई, बारीक बारीक वळणं नकाशात काढलेलीच नाहीयेत, सरळ करून टाकलीत. ह्याला मार्क नाहीत कुठल्याच पेपरात. तसंच ग्रीनलँडचं, जगाच्या नकाशावर जवळजवळ आफ्रिकेएवढं दिसतं आणि प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या 14 पट. मर्केटर नावाच्या नकाशाकाराने 1569 मध्ये तो नकाशा जहाजांना दिशा धरता यावी म्हणून केला, कोण केवढं हे दाखवायला नाही. हे मला चाळिशीत कळलं, तिला चौथीत. असो, आली लगेच फुशारकी.

आता ते दहावीच्या प्रिलिमचं. दहावीला भूगोल म्हणजे भारत आणि ब्राझील, 40 मार्कांचा पेपर. तिला निम्मेही पडले नाहीत. आराखड्यात मनौस, माराजॉ बेट, पंतनाल, सगळं जागच्या जागी, पण सूची केली नाही म्हणून तिथे कापले. भौगोलिक कारणं लिहा, त्यात ब्राझीलच्या ईशान्येला पाऊस कमी का, तर हिने लिहिलं, समुद्रावरून येणारे वारे उच्चभूमीला अडतात आणि पलीकडचा भाग पर्जन्यछायेत राहतो, आपल्या माण-खटावसारखं. माण-खटावखाली लाल रेघ. बाकीचे प्रश्न तर अर्धे सोडलेलेच, वेळ पुरला नाही म्हणे.

आणि नेमकं त्याच आठवड्यात घरी हळदीकुंकू. ही तिळगुळाचं ताट घेऊन फिरत होती आणि माझ्या नणंदबाई, मोठ्या आहेत, मन वाईट नाही त्यांचं, सगळ्यांसमोर म्हणाल्या, "काय गं, भिंतीवर ब्राझील आणि पेपरात भोपळा?" सगळ्या हसल्या. मीही हसले असेन, बायका असल्या की हसतोच आपण. वर मीच म्हणाले, "अहो ताई, विचारून तर बघा तिला काहीही, डोळे मिटून दाखवेल." मला तिची बाजू घ्यायची होती. ताईंनी विचारलं, मनौस कुठंय? ती काहीच बोलली नाही. ताट टीपॉयवर ठेवलं, आत गेली, दार लावून घेतलं. रात्री बघते तर दक्षिण अमेरिका गुंडाळून रबरबँड लावून कपाटावर. कोपऱ्यांचा रंगसुद्धा निघालेला भिंतीचा. मी म्हटलं अगं मी तुझ्याच बाजूने बोलत होते ना. तर म्हणाली, "मला बघायला आवडतं. कोणी विचारलं की नाही आवडत."

ह्यावर मी काय बोलणार होते? अजूनही मला वाटतं ताईंनी विचारायला नको होतं. आणि येत होतं तर सांगायचं ना, असंही वाटतं, खरं सांगते.

बोर्डाला तिने सूची केली, कारणं पुस्तकातल्या भाषेत लिहिली, मार्क बरे पडले. त्याचं श्रेय नकाशांना देऊ नका, ते गाईडचं. मग नकाशांनी काय दिलं, हे मला दाखवता येत नाही, आणि दाखवता येत नाही म्हणून काहीच दिलं नाही असं म्हणायलाही मी तयार नाही.

ज्यांना खरंच लावायचेत त्यांच्यासाठी: राजकीय नकाशा कमी घ्या, तो शिळा होतो, आमच्याकडच्या जुन्यात तेलंगणा आणि पालघर हिनेच स्केचपेनने आखलेत, दोन्ही 2014 चे. प्राकृतिक घ्या. चकचकीत लॅमिनेशन नको, ट्यूबलाइट पडली की अर्धा हिमालय दिसत नाही. पोराच्या उंचीला लावा, तुमच्या नाही. आणि पाहुणे आले की त्या खोलीचं दार लोटून घ्या.