फेब्रुवारीतलं गाव

२०११च्या जनगणनेत बीड जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यातल्या एका गावात मी प्रगणक, म्हणजे घरोघर जाऊन माणसं मोजणारा, होतो. आदल्या उन्हाळ्यात घरयादी केली तेव्हा गाव भरलेलं होतं. चौकटींवर घरक्रमांक टाकत फिरताना पोरांची रांग मागं असायची. ९ फेब्रुवारीला तीच यादी घेऊन निघालो, तर वंजाऱ्यांच्या आळीत दाराला दार कुलूप. लमाणांच्या तांड्यावर म्हातारीकोतारी आणि शेरडं. मुकादमाची, म्हणजे मजुरांच्या ठेकेदाराची, उचल (आगाऊ रक्कम) घेतलेली जोडपी दसरा-दिवाळीच्या सुमारास बैलगाड्यांसकट ऊसतोडीला फडावर गेलेली. ती परतणार गुढीपाडव्याच्या आसपास.

एका आजीचं घर मात्र मनातून जात नाही. घरयादीत तिथं सहा माणसं होती. आता ओट्यावर ती आणि दोन नातवंडं. ९ ते २८ फेब्रुवारी या काळात जो एकदाही घरी आला नाही, त्याची नोंद तो असेल तिथं करायची, असा नियम. म्हणजे लेक, सून आणि धाकटं लेकरू आजीच्या पत्रकात येणार नव्हतं. कुटुंबप्रमुख म्हणून मी तिचंच नाव लिहिलं. वय विचारलं तर, "बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडाया जात व्हते. थोरला तवा पाळण्यात." त्यावरून हिशेब करून आकडा टाकला.

मग ती म्हणाली, "गुरुजी, लेकाचं नाव लिव्हा की. जमीन हितं, रेशन हितं, मत बी हितंच देतो. तिकडं कोपीत त्याला कोण हुडकीत बसंल?"

एक माणूस दोनदा मोजला जाऊ नये म्हणून तो नियम हवाच. पण आजीचं म्हणणं खोटं नव्हतं. कोपी म्हणजे फडाजवळचं तोडकऱ्यांचं झोपडं. ऊस तुटला की टोळी दुसऱ्या शिवारात जाते. अंधारात कोयता घेऊन निघालेलं जोडपं गाडी खाली करून परततं ते पुन्हा अंधारातच. मी तिच्या लेकाला फोन लावला. "कोपीवर नावं लिहायला कुणी आलं होतं का?"

"न्हाई गुरुजी. कशाची नावं?"

तिघांची नावं, वयं कशी सांगायची, तिथल्या प्रगणकाला कसं गाठायचं, हे त्याला समजावलं. संध्याकाळपर्यंत आळीतल्या ज्याच्या ज्याच्या लेकाचा नंबर मिळाला, त्याला हेच सांगत बसलो. पण ती डोकी तिकडच्या गावात धरली जाणार, या गावात नव्हे. आणि ग्रामपंचायतीत सात सदस्य की नऊ, हे दीड हजार लोकसंख्येच्या अलीकडं-पलीकडं ठरतं. वित्त आयोगाचा निधीही मुख्यतः डोकी मोजूनच येतो. उन्हाळ्यात पाणी प्यायला सगळे इथंच, आणि कागदावर मात्र निम्मं गाव.

तांड्यावर आणखी एक गोष्ट खटकली. जातीच्या रकान्यात नोंद फक्त अनुसूचित जाती-जमातींची. लमाण, वंजारी, धनगर, मराठा, सगळ्यांना 'यापैकी नाही' हा एकच अंक.

२०२७ची जनगणना जात विचारणार आहे, हे बरं झालं. पण मोजणी पुन्हा फेब्रुवारीतच आहे, म्हणजे ऐन ऊसगाळपाच्या हंगामात. साखर कारखान्यांच्या परिसरातल्या गावांना जादा प्रगणक द्यावेत, टोळ्यांच्या याद्या मुकादमांकडून आधीच घ्याव्यात, आणि कोप्यांवर दिवस मावळल्यानंतर जावं. दिवसा तिथं मोजायला कुणी सापडत नाही.