माझ्या हाताचा वास

मंगळवार, रात्रीचे साडेअकरा

आज माझा बोका बंड्या माझ्यावर फिसकारला.

गेले नऊ दिवस तो बेडरूमच्या बंद दारावर फिसकारतोय, नव्या पिल्लाच्या, मिरीच्या टॉवेलवर फिसकारतोय. त्याची मला सवय झाली होती. आज मात्र थेट माझ्यावर.

झालं एवढंच की, मिरीला खाऊ घालून मी बाहेर आले. हा फ्रिजवर पाय दुमडून बसला होता. नेहमीसारखी मी बोटं पुढे केली. घरी आल्यावर आधी बोटं त्याच्या नाकाशी धरायची, मग तो गाल घासणार, मग मी चप्पल काढणार, हा आमचा गेल्या वर्षभराचा रिवाज. त्याने नाक पुढे केलं. एक बोट हुंगलं, दुसरं हुंगलं, तिसऱ्यावर थांबला. कान मागे गेले आणि डोक्याला चिकटले, तोंड उघडलं आणि आतून तो आवाज आला, प्रेशर कुकरची शिट्टी व्हायच्या आधी येतो तसा. मग उडी मारून दिवाणाखाली. अजून बाहेर आलेला नाही. मी स्वयंपाकघराच्या फरशीवर बसून हे लिहितेय, कारण इथून त्याची शेपटी दिसते.

मला कारण कळतं. मिरीला हात लावला की साबणाने हात धुवायचे, तिच्या खोलीत जाताना वेगळा गाऊन घालायचा, हे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. ते मैत्रीपेक्षा आजारासाठी जास्त. रस्त्यावरच्या पिल्लाच्या अंगात काय असेल सांगता येत नाही, पॅनल्यूकोपेनिया या मांजरांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू तर घरात वर्षभरसुद्धा टिकून राहतो. बंड्याच्या लसी झाल्यात, तरी दोन आठवडे दोघं वेगळेच. आज दहा तास बाहेर, लोकलमध्ये दीड तास उभी, वर पाऊस. मी हात धुवायला विसरले. माझ्या हाताला मिरीचा वास होता. तो फिसकारला त्या वासावर.

हे सगळं कळूनही घशात काहीतरी अडकलंय. बंड्या माझ्यावर कधीच फिसकारला नव्हता. चावला असेल हजारदा. मनगटापासून कोपरापर्यंत त्याच्या दातांच्या खुणा घेऊन मी ऑफिसात जाते. ते चावणं मी कधी मनावर घेतलं नाही, ते त्याचं खेळणं. आजचा आवाज वेगळा होता. अनोळखी माणसासाठी असतो तसा.

मिरी पार्किंगमध्ये सापडली, श्रावणातल्या त्या सलग पावसात, एका स्कूटरच्या कव्हरखाली. मांजर पिल्लांना सात घरं फिरवते म्हणतात. तिची आई बाकीच्यांना हलवून गेली असेल आणि ही राहिली असेल, असं समजून मी संध्याकाळपासून रात्री अकरापर्यंत दर अर्ध्या तासाने खाली जाऊन बघत होते. आई आली नाही. शेवटी ओढणीत गुंडाळून वर आणलं. काळीकुट्ट, डोळ्यांत अजून पिल्लांचा तो निळेपणा. दातांवरून डॉक्टर म्हणाले, सहा आठवड्यांची. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ५४० ग्रॅम. आज सकाळी ६५०. बंड्या ४ किलो ८०० आहे, म्हणजे तिच्या सातपटीहून जास्त, आणि त्याला स्वतःच्या वजनाची काही कल्पना नाही.

चौथ्या दिवशी दार नीट लागलं नव्हतं. कुणाच्या हातून राहिलं ते लिहीत नाही, त्यावर बोलून झालंय. मी कुकर लावत होते आणि आतून किंकाळी आली. जाऊन बघते तर बंड्याने तिला पुढच्या दोन पायांत धरलेलं, मानेशी दात, आणि मागच्या पायांनी तो तिच्या पोटावर लाथा मारतोय, कापसाच्या उंदराला मारतो तशा. मी ओरडले. एवढ्या मोठ्याने की शेजारच्या काकूंनी बेल वाजवली. हातातला टॉवेल त्याच्यावर फेकला. तो मागे झाला, कोपऱ्यात जाऊन बसला आणि माझ्याकडे बघत राहिला. मिरीला ओरखडासुद्धा नव्हता. डॉक्टर नंतर म्हणाले, मारायचं असतं तर वेगळं दिसलं असतं, घुमण्याचे आवाज आले असते, केस उडाले असते. तो खेळत होता. त्याला फक्त एवढ्या लहान जिवाशी खेळायचं कसं ते माहीत नाही. ओरडू मात्र नका, असंही म्हणाले. ते पिल्लू दिसलं की मला ओरडा बसतो, एवढंच त्याच्या डोक्यात राहील.

ओरडून झालं होतं.

आजचं फिसकारणं त्या ओरडण्याचं होतं का? वासाचं असेल तर साबणाने जाईल. ओरडण्याचं असेल तर कशाने जाईल?

आणि त्याला कसं खेळायचं ते माहीत नाही, यात त्याचा काय दोष? मागच्या वर्षी तो आला तेव्हा जेमतेम तीन आठवड्यांचा होता. एकटाच. दर तीन तासांनी गजर लावून सिरिंजने दूध पाजलं, ओल्या कापसाने पुसून शू करवली. पिल्लं चावायचं किती ते भावंडांकडून शिकतात. एकाने जोरात दात लावले की दुसरं किंचाळतं आणि खेळ सोडून निघून जातं, मग पहिल्याला कळतं की एवढं जोरात नाही चालत. बंड्याला भावंडं नव्हती. होते ते माझे हात. मी ते काढून घेतले नाहीत, कारण तो एवढासा होता आणि त्या दिवसांत मलाही कुणीतरी हाताला धरून राहावं असं वाटत होतं. असो. आठव्या महिन्यात नसबंदी केली, वाटलं जरा शांत होईल. पडदे अजून तसेच फाटतात. दोन वर्षांचा होईपर्यंत हा असाच राहणार म्हणतात. आता चौदा महिन्यांचा आहे.

आईचा फोन आला होता. तिला सांगितलं. ती म्हणाली, "अगं, मांजरं आपापसात बघून घेतात. गावाला कोण दारं लावत बसलंय?" गावाला मागची पडवी होती, माळा होता, आवडलं नाही तर मांजर आठवडाभर गोठ्यात राहायला जायचं. इथे वन बीएचकेत तो कुठे जाणार? दिवाणाखाली. हे आईला सांगितलं नाही. तिने विचारलं, "तू जेवलीस का?" मी हो म्हटलं.

खरं सांगायचं तर सगळं नीट चाललं होतं. कामाची वाटणी केल्यासारखे दिवस होते. सकाळी दोघांच्या बश्या दाराच्या दोन बाजूंना. पहिल्या दिवशी बंड्याने दारापासून सहा हातांवर खाल्लं, मग रोज त्याची बशी एक एक वीत पुढे. जुनी ओढणी मधोमध कापली, एक तुकडा तिच्या गालांवर फिरवून त्याच्याकडे, एक त्याच्या गालांवर फिरवून तिच्याकडे. गालांत वास असतो त्यांचा. जो गाल घासतो तो आपला वास देतो, आणि ज्याला तो वास येतो तो घरातला. बंड्याने पहिले दोन दिवस त्या तुकड्याला पंजे मारले. पाचव्या दिवशी तो तुकडा दिवाणाखाली ओढून नेला आणि त्यावर झोपला. मी ऑफिसच्या टेबलावर मान खाली घालून त्याचा फोटो दहादा बघितला. रात्री खेळायला चपलेची लेस काठीला बांधलीय, पंधरा मिनिटं त्याला दमवायचं, मग खायला द्यायचं, मग दार दोन बोटं उघडून त्याला तिच्याकडे बघू द्यायचं. लिटरचे ट्रे तीन, दोन मांजरांना तीन लागतात म्हणून. तिसरा वॉशिंग मशीनच्या बाजूला ठेवलाय, मला तिरकं होऊन जावं लागतं.

काल रात्रीचं तर लिहायलाच हवं. दाराखाली फट आहे, बोटभर उंचीची. बंड्या तिथे पसरून पडला होता, हनुवटी फरशीवर. आतून एक काळा पंजा बाहेर आला. पंजा म्हणजे काय, लवंगेपेक्षा थोडा मोठा, खाली काळ्या मिऱ्यांसारख्या चार गाद्या. तो पंजा फरशीवर इकडून तिकडे फिरला, काहीतरी शोधत असल्यासारखा. बंड्याने बराच वेळ बघितलं. मग त्याने आपला पंजा उचलला. माझा श्वास अडकला, कारण तो पंजा तसा उचलला की पुढे काय होतं ते माझ्या मनगटाला माहीत आहे. त्याने तो हळूच खाली ठेवला, तिच्या पंजाच्या शेजारी. वर नाही, शेजारी. नखं आत होती.

त्यामुळे मी आज घरी येताना खुशीत होते. आणि मग ते फ्रिजजवळचं.

मला वाटतं मी त्याच्या नजरेतून उतरले. एक वर्ष त्याच्या घरात एकच वास होता, त्याचा आणि माझा मिसळून झालेला. नऊ दिवस मी रोज दुसऱ्या खोलीतून दुसरा वास लावून येते. रात्री एकपर्यंत मिरीजवळ असते आणि मग हॉलमध्ये येऊन त्याच्याजवळ झोपते, तेव्हा वाटतं दोघांना सारखं दिलं. त्याच्या बाजूने बघितलं तर त्याची अर्धी रात्र गेली. पूर्वी पायांवर झोपायचा. आता दिवाणाच्या दुसऱ्या टोकाला. कुणाला विचारून आणलं मी तिला? त्याला तर नाही. पावसात तिला तिथे सोडणं जमलं नसतं, आजही जमणार नाही. पण त्याला विचारलं नव्हतं हे खरंच आहे.

बारा वाजून दहा मिनिटं.

आत्ता भांडी घासायला उठले आणि हातावर साबण घेताना लक्षात आलं. हात फिरवून बघितला, ट्यूबलाइटखाली धरून बघितला. जुन्या खुणा आहेत. सुकलेल्या. आज नवीन एकही नाही.

म्हणजे तीन बोटं त्याच्या तोंडासमोर होती, त्याला न आवडणारा वास त्यांना होता, तो घाबरलेला होता, आणि त्याने दात लावले नाहीत. बंड्याने, जो शेव पडल्याचा आवाज आला तरी आधी पायाला चावतो. तो थांबला, कान मागे घेतले, तोंड उघडून सांगितलं की लांब हो, आणि स्वतःच लांब गेला. डॉक्टर म्हणालेच होते, फिसकारणं वाईट नसतं, ते मांजराचं 'पुढे येऊ नकोस' असतं, ते मोडून काढू नका. मी ते मिरीच्या बाबतीत ऐकून घेतलं होतं. माझ्या बाबतीतही तो तेच बोलेल हे मनात आलं नव्हतं.

हे त्याला कुणी शिकवलं? मी नाही. मी तर हात काढून घ्यायलासुद्धा शिकवलं नाही. त्या चौथ्या दिवशी ती किंचाळली, तेव्हाच काही कळलं असेल का? की या नऊ दिवसांत दाराच्या फटीतून ती रोज त्याच्यावर फिसकारते, ६५० ग्रॅमची, शेपटीचा बाटली घासायचा ब्रश करून, त्यातून? मला ठाऊक नाही. पण मघापासून मी इथे बसून जे रडत होते ते आता तेवढं खरं वाटत नाही. तो मला विसरला नाही. त्याला काहीतरी सांगायचं होतं आणि त्याने चावण्याऐवजी ते सांगितलं.

तरी ओरडले ते ओरडलेच. ते राहणार थोडे दिवस.

पुढच्या आठवड्यात मिरीची पहिली लस, मग तीन-चार आठवड्यांनी दुसरी. तोवर जाळीचं दार करून घ्यावं, सुताराला सांगायला हवं. शनिवारी.

बारा पंचवीस. शेपटी हलली. तो बाहेर आलाय. माझ्याकडे नाही, बेडरूमच्या दाराकडेही नाही, मधेच कुठेतरी बसलाय, माझ्याकडे पाठ करून. आत मिरी ट्रेमध्ये माती उकरतेय, खरखर येतेय. त्याचा एक कान तिकडे वळला. दुसरा माझ्याकडे. हात धुतलेत, पण पुढे करत नाही. त्याला हवं तेव्हा येईल.

उद्या सकाळी त्याची बशी एक वीत मागे ठेवायची.