मालवण डायरी : रापणीचा क्रम हाती लागतोय

बदलीमुळे अमरावती सोडून मालवणला आलो. सिंधुदुर्ग किल्ला, बंदर, सूर्यास्त हे सगळं सुरुवातीलाच काढून झालं. आता कॅमेरा फक्त रापणीसाठी बाहेर निघतो.

रापण न पाहिलेल्यांसाठी थोडक्यात: होडी अर्धवर्तुळ मारत पाण्यात जाळं सोडते, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर येतात, आणि दोन टोळ्या ते ओढत एकमेकींच्या जवळ सरकतात. बारीक आसाचा (म्हणजे छिद्रांचा) मधला भाग शेवटी वाळूवर येतो. मशीन नाही, सगळं माणसांच्या बळावर. पर्ससीनवर, म्हणजे यांत्रिक बोटीतून मासळीला वेढा घालणाऱ्या मोठ्या जाळ्यांच्या मासेमारीवर, २०१६ साली राज्य सरकारने निर्बंध आणले, त्यामागे याच पारंपरिक मच्छीमारांचा लढा होता. म्हणून हे काम नीट नोंदवलं जावं, असं मला मनापासून वाटतं.

उजेडाचं गणित आता जमलं आहे. सूर्य माडांच्या मागून वर येतो, त्यामुळे वाळूवर ऊन उशिरा पोचतं. ओढणारे समुद्राकडे तोंड करून उलट पावली मागे सरकतात, म्हणजे सकाळचं ऊन त्यांच्या पाठीवर. चेहरे हवे असतील तर संध्याकाळची ओढ गाठायची. सकाळी मी पाठी, वाळूत रुतलेल्या टाचा आणि दोरावरची बोटं टिपतो. ३५ एमएम लेन्स, ॲपर्चर एफ८, शटर १/५०० सेकंदापेक्षा हळू नाही. लेन्स किनाऱ्यावर बदलायची नाही; खारं वारं आणि बारीक वाळू आत शिरली की संपलं.

जवळ जाण्याचा रस्ता एका काकांनीच दाखवला: "फोटो मगे काढ, आधी दोर धर." दोर धरला की कोण कुठे उभा राहतो, हाक कधी पडते, हे हाताला कळतं.

पण माझ्या मते खरा फोटो ओढण्यात नाही, वाटे घालण्यात आहे. ओल्या वाळूवर बांगड्या-तारल्यांचे ढीग लागतात. एक हात या ढिगातला बांगडा उचलून त्या ढिगात टाकतो, थांबतो, आणखी एक टाकतो. भोवतीचे सगळे डोळे त्या हातावर. अशा वेळी मी उकिडवा बसतो आणि फ्रेममध्ये हात, ढीग आणि मागचे पाय एवढंच ठेवतो. दोर ओढायला लागलेल्या पाहुण्यालाही कालवणापुरते मासे मिळतात, तेही आता माझ्या फोटोंच्या मालिकेत आलं आहे.

फोटो चार बाय सहाच्या कागदावर छापून किनाऱ्यावर नेले. सगळ्यांनी ते क्रमाने मांडले, आणि एका मावशीने लगेच विचारलं, "ह्यात जाळा सुकत घातलेला खंय आसा?" जाळं सुकवणं, तुणणं (फाटलेलं विणून दुरुस्त करणं), होडी वर ओढून झापांनी (विणलेल्या माडाच्या झावळ्यांनी) झाकणं हे माझ्याकडे अजून अजिबात नाही. पावसाळ्यात रापण बंद असते, तेव्हा नारळी पौर्णिमेपर्यंत तेच करणार. झापाखालच्या अंधारात ३५ एमएम लेन्सवर भागेल की जास्त उजेड घेणारी ५० एमएम घ्यावी, हे अनुभवी मंडळींनी सांगावं.